टाइमकीपरांकडची दुलई

पंख्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी काचेची एक खोली होती. त्या खोलीत टाइमकीपर एकतीस वर्षं बसले. कामगार यायचा, कार्ड यंत्रात घालायचा, यंत्र त्यावर वेळ छापायचं आणि टाइमकीपर ती वहीत उतरवायचे. सातवर तीन मिनिटं झाली की अर्धा दिवस गेला. कुणाची बायको आजारी असो, कुणाच्या सायकलची साखळी पडलेली असो, काचेच्या आत कारणं ऐकू जात नसत. काच फार जाड आहे, असं टाइमकीपर सांगायचे. कामगार म्हणायचे, काच नाही, कातडी.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणाचं उणंदुणं काढणं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जगात नियम असतात आणि ते पाळायचे असतात, एवढंच त्यांना कुणीतरी लहानपणी शिकवलं होतं, आणि पुढचं काही शिकवायचं राहून गेलं होतं. वरून आलेल्या कागदाबद्दल त्यांनी कधी शंका काढली नाही आणि खालून आलेली विनंती कधी वर जाऊ दिली नाही. लग्न केलं नाही. थोरली बहीण नवरा गेल्यावर त्यांच्याकडे राहायला आली, ती कायमचीच.

निवृत्त झाल्यावर टाइमकीपरांनी घराचा कारखाना केला. चहा सहा पस्तीसला. जेवण साडेबाराला. दूध उतू गेलं, तर दूध गेल्याचं दुःख नाही, त्यापायी चहाला चार मिनिटं उशीर झाल्याचं दुःख. दोन महिने ताईंनी सहन केलं. मग एक दिवस डाव हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत आल्या.

"बाळ, मी काय तुझ्या पाळीवरची कामगार आहे का रे?"

बासष्ट वर्षांच्या भावाला त्या अजून बाळच म्हणत. बाळानं घड्याळाकडे पाहिलं. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर, हे ताईंना पाठ होतं. भावाला काहीतरी काम लावून दिलं पाहिजे, असं त्यांनी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

वस्तीच्या टोकाला एक बाई लॅब्रॉडॉर कुत्री पाळून पिल्लं विकायच्या. पूर्वी त्यांच्या मागच्या आवारात बारा पिंजरे होते. खाणं वेळेवर, झाडलोट दोनदा, औषधपाणी चोख. तरीही एक गोष्ट घडली आणि बाईंचं मन उडालं. एका म्हाताऱ्या कुत्रीला त्यांनी पिंजऱ्यातून काढून घरात घेतलं, तर ती मोठ्या मोकळ्या खोलीतही चार पावलं जायची आणि वळायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळायची. चार पावलं ही पिंजऱ्याची लांबी होती. महिनाभरात बाईंनी सगळे पिंजरे भंगारात दिले.

कुत्र्या मात्र हव्या होत्या, कारण पोट त्यावरच होतं. म्हणून त्यांनी पालक घरं शोधली. पद्धत सोपी होती. चांगल्या वाणाची कुत्री एखाद्या घरी राहायला द्यायची. घरच्यांनी तिला खाऊपिऊ घालायचं, फिरवायचं, लाडावून ठेवायचं. कागदावर ती बाईंचीच. माजावर आली की बाईंना कळवायचं, म्हणजे त्या तिला चार दिवस नराकडे नेणार. व्यायची वेळ आली की ती पुन्हा बाईंच्या घरी, पिल्लं सुटी होईपर्यंत आठ आठवडे. अशी तीन वेतं झाली की ऑपरेशन करून गर्भपिशवी काढायची, आणि मग कुत्री कायमची त्या घराची.

ताईंना हे औषधांच्या दुकानात कळलं आणि त्या तशाच पिशवी घेऊन बाईंकडे गेल्या. "माझ्या भावाला कुणीतरी फिरवायला हवंय," त्या म्हणाल्या. बाई हसल्या आणि त्यांनी करारनामा दिला. त्यात अकरा कलमं होती.

टाइमकीपरांनी तो तीनदा वाचला. निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तकाकी आली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बाईंकडे जाऊन त्यांनी सांगितलं, की कलम चारमध्ये फिरवण्याची वेळ दीड तास आहे आणि कलम सातमध्ये दोन तास, तर नेमकं काय धरायचं? आजवर तेरा घरांनी तो कागद सही करून दिला होता, पण हा घोळ कुणाच्या लक्षात आला नव्हता. बाईंनी पेन काढून दुरुस्ती केली. असा माणूस मिळाला म्हणून त्या मनातून खूश झाल्या.

कुत्री आली ती दीड वर्षाची, पिकल्या गव्हाच्या रंगाची. कागदावरचं तिचं नाव एखाद्या सरदारघराण्यातलं वाटावं इतकं लांब होतं. दुपारी ताई जरा आडव्या झाल्या, तर ती सरळ येऊन त्यांच्या पायांवर पसरली आणि घोरू लागली. "ही बघ, दुलई मिळाली मला," ताई म्हणाल्या, आणि सरदारघराणं तिथंच संपलं.

दुलईला घड्याळ कळत नव्हतं, किंवा कळून ती दाद देत नव्हती. एखाद्या खांबाशी तिला हुंगायला काही सापडलं, की टाइमकीपर पट्टा धरून अकरा-अकरा मिनिटं उभे. सुरुवातीला ते तिला कारण विचारत. नंतर सोडून दिलं. तिसऱ्या महिन्यात एकदा ते जेवायला वीस मिनिटं उशिरा आले. ताईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. "तिला एक बेडूक दिसला होता," टाइमकीपर म्हणाले, आणि पुढे तो बेडूक केवढा होता, कुठं बसला होता, मग काय झालं, हे सगळं त्यांनी भात वाढून घेता घेता सांगितलं. एवढं सलग बोलताना ताईंनी भावाला तोवर पाहिलं नव्हतं.

पहिलं वेत नीट झालं. माजाचा पहिला दिवस टाइमकीपरांनी तासाभरात कळवला, कराराची मुदत एका दिवसाची असूनही. पुढे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी पोट सुटलेल्या दुलईला बाईंच्या गाडीत बसवलं. पिल्लं जंतांना आणि रोगांना नाजूक असतात, म्हणून पहिले तीन आठवडे भेटायचं नाही, असं कलम सहा सांगत होतं. टाइमकीपर भेटले नाहीत. फक्त रोज संध्याकाळी बाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, विजेच्या पेटीशी उभे राहायचे आणि परत यायचे. "पाय मोकळे करून आलो," ते सांगायचे. ताई म्हणायच्या, "हो हो, पायच."

दुसरं वेत मात्र अडलं. एक पिल्लू आडवं आलं, पोट फाडून बाकीची काढावी लागली, त्यातली दोन मेलेली होती. दुलई परत आली तेव्हा फासळ्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. पोटावरचे केस भादरलेले, मधोमध गुलाबी व्रण. त्यानंतर बाईंच्या गाडीचा आवाज आला की ती उठून टेबलाखाली जायची. बाई तिचं वजन बघायला यायच्या, तेव्हा टाइमकीपरांची नजर त्या टेबलाखालीच असायची.

काय बोलायचं ते त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. "बाई, आता पुरे." तीनच शब्द. पण करारनामा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, तर हे कोणत्या कलमाखाली बोलायचं ते सापडेना. तीन वेतं म्हणजे तीन, खाली आपली सही. एकतीस वर्षं ज्यानं सही केलेल्या कागदापुढं मान तुकवली, त्याच्या तोंडून ते तीन शब्द काही फुटले नाहीत.

मग एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर त्यांना लाल थेंब दिसला. पुढे आणखी एक. दुलई ताटलीशी बसून शेपटी हलवत होती. टाइमकीपर बराच वेळ त्या थेंबाकडे पाहत राहिले. मग खाली वाकले, खिशातला रुमाल काढला आणि फरशी पुसून घेतली.

ताईंचे डोळे अधू झाले तरी नाक शाबूत होतं. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "माजावर आलीय ना रे ही? बाईंना कळवलंस?"

"कळवलं."

"मग कधी न्यायला येणार?"

"म्हणाल्या, आता राहू दे."

ताईंना इतकं बरं वाटलं, की त्या दिवसभर गुणगुणत होत्या. "बाई मनाची मोठी हो," असं त्या चारदा म्हणाल्या. चारही वेळा टाइमकीपर उठून बाहेरच्या खोलीत गेले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलला, की ते नव्या बुटासारखं चावत राहतं.

बाईंचा दर महिन्याला फोन यायचा, तसा आला. "काका, दुलई आली का हो माजावर?"

"अजून नाही."

"बरं. आली की लगेच सांगा हं मला."

तीन आठवडे त्यांनी दुलईला भर दुपारी, रस्ता ओस असताना बाहेर काढलं. तरी गल्लीतले कुत्रे फाटकाबाहेर ठिय्या देऊन बसलेच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काय साहेब, घरी कार्य आहे वाटतं? वऱ्हाड येऊन बसलंय." टाइमकीपर हसले नाहीत. कामगारांचे उशीर पकडायला ते बसायचे, तसं आता आपल्याला कुणीतरी पकडायला बसलंय, असं त्यांना वाटू लागलं. पण दिवस सरले, वऱ्हाड पांगलं, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सुटलो, असं त्यांना वाटलं.

पाचव्या आठवड्यात दुलई पाणी फार पिऊ लागली. भांडं भरलं की रिकामं. उन्हाळा आहे, टाइमकीपर म्हणाले. मग तिनं खाणं टाकलं, अंडंसुद्धा. मग सकाळी पिवळं ओकली आणि बेडकाच्या त्या वाटेवर न्यायला गेले, तर दोन पावलं टाकून बसली. टाइमकीपरांनी तिला उचलून रिक्षात घातलं. ताई पायात चप्पल अडकवून मागून धावल्या.

कराराप्रमाणे जायचं ते बाईंनी ठरवलेल्या डॉक्टरांकडेच आणि मोठ्या उपचाराला बाईंची सही लागायची, म्हणून डॉक्टरांनी फोन केला आणि बाईही आल्या. लोखंडी टेबलावर दुलई आडवी पडली होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं, ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या.

"दोन शक्यता आहेत," ते म्हणाले. "माज होऊन महिना-दीड महिना झाला असेल, तर गर्भपिशवीत पू झालेला असू शकतो. तसं असेल तर आत्ता पोट उघडावं लागेल, उद्याची वाट बघून चालणार नाही. नाहीतर मूत्रपिंडाचं काहीतरी असेल. माज कधी आला होता?"

टाइमकीपरांनी तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या. "आलाच नाही अजून. मी दर महिन्याला विचारते. आणि डॉक्टर, हे टाइमकीपर आहेत. सगळ्या घरांमध्ये यांच्याइतका वेळेचा पक्का माणूस नाही."

"मग पिशवीचं नसावं," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या अशक्त जनावराला उगाच भूल नको. पोटाचा फोटो काढायचं यंत्र उद्या दुपारी येतंय. रक्त घेतो, सलाईन लावतो, उद्या बघून ठरवू."

डॉक्टर सुई घ्यायला वळले. टाइमकीपरांना सगळं लख्ख कळलं. माहिती लपवली तर कुत्री परत घेतली जाईल, असं कलम दहा होतं, अगदी स्वच्छ शब्दांत. बोललं तर दुलई घरातून जाणार. नाही बोललं तर कदाचित दुलईच जाणार. त्यांचा हात तिच्या मानेवर होता आणि मान भट्टीसारखी तापली होती.

"आला होता," ते म्हणाले.

डॉक्टर थांबले.

"छत्तीस दिवस झाले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी."

सगळ्यांत आधी बोलल्या त्या ताई, आणि त्या बिचाऱ्या भावाला सावरायला बोलल्या. "अरे, पण त्यात लपवण्यासारखं काय आहे? बाईंनीच नाही का तुला फोनवर सांगितलं, आता राहू दे म्हणून?"

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कधी सांगितलं?"

ताईंनी भावाकडे पाहिलं. भावानं फरशीकडे पाहिलं. एकतीस वर्षांत काचेपलीकडे किती माणसं अशी मान खाली घालून उभी राहिली होती, आणि तिथं उभं राहिल्यावर काय वाटतं, हे टाइमकीपरांना त्या दिवशी समजलं. लाज वाटली, भयंकर वाटली. पण त्याहून मोठी भीती टेबलावर आडवी पडली होती.

बाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद ओढून घेतला आणि सही केली. "उघडा, डॉक्टर."

बाहेरच्या बाकावर दोन तास गेले. एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला टाइमकीपर, मध्ये ताई. अखेर डॉक्टर हात पुसत बाहेर आले. पिशवी पुवानं भरली होती, ती अख्खी काढली. "वाचेल," ते म्हणाले. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर मी हे म्हणालो नसतो." टाइमकीपर उठून उभे राहिले, पुन्हा बसले आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. बाई किल्ल्या उचलून निघून गेल्या.

बारा दिवसांनी टाके निघाले. त्याच दिवशी टाइमकीपरांनी दुलईचं भांडं, अंथरूण आणि औषधाच्या बाटल्या एका पिशवीत भरल्या. ताई दारात उभ्या होत्या. "बाईंनी बोलावलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही," टाइमकीपर म्हणाले, "पण कलम दहा आहे." ताईंनी दुलईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन नळ सोडला. भांडी घासायची नव्हतीच. टाइमकीपर ते सगळं ऐकत दुलईला घेऊन पायऱ्या उतरले.

बाई मागच्या आवारात कपडे वाळत घालत होत्या. पिंजऱ्यांच्या जागी आता दोऱ्या होत्या. टाइमकीपरांनी पिशवी खाली ठेवली, पट्टा पुढे केला.

"कराराप्रमाणे," ते म्हणाले.

बाईंनी पट्टा घेतला नाही. "का लपवलंत, काका?"

"तिला पुन्हा ते सोसायला लावणं माझ्यानं होणार नव्हतं."

"मग मला विचारायचं होतं. तिसरं वेत नको, एवढंच म्हणायचं होतं."

टाइमकीपर गोंधळले. "विचारता येतं?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या माणसाला खरोखरच हे माहीत नव्हतं. "अहो, दुसरं वेत अडलं तेव्हाच मी ठरवलं होतं, हिला पुन्हा गाभण करायची नाही. माज येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी पिशवी काढणं बरं असतं. त्यासाठी विचारत होते दर महिन्याला. तुम्ही सांगितलं असतंत, तर मी तेच म्हणाले असते, जे तुम्ही ताईंना माझ्या नावावर सांगितलंत."

टाइमकीपरांना बसावंसं वाटलं. बसायला काही नव्हतं, म्हणून ते उभेच राहिले. ते म्हणाले, "मग तुम्ही तरी सांगायचं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "सांगायचं होतं. पण दोन वर्षांत तुम्ही तिच्याबद्दल मला एक अक्षर विचारलं नाहीत. ती व्यायला अडली होती, तेव्हा बाकीच्या घरांनी फोन करून करून जीव खाल्ला असता. तुमचा एकही फोन नाही. मला वाटलं, हे नुसते नियम पाळतात, यांना तिचं काही नाही."

एवढं मात्र टाइमकीपरांना फार लागलं. विजेच्या पेटीशी रोज उभे राहिल्याचं सांगावं, असं त्यांना वाटलं, पण ते कुणाला कसं दिसणार होतं?

बाईंनी शेवटचा टॉवेल दोरीवर टाकला. "कलम दहा मी मोडणार नाही. बाकीची तेरा घरं आहेत, उद्या सगळेच लपवतील. दुलई तुम्हाला मिळणार नाही."

"बरोबर आहे," टाइमकीपर म्हणाले. पट्ट्यावरची मूठ मात्र सुटेना.

"मी ती ताईंना देतेय. त्यांनी काही लपवलेलं नाही." त्या आत गेल्या, कागद घेऊन आल्या, त्यावर ताईंचं नाव लिहून सही ठोकली. "आता ती त्यांची. फिरवायची असेल, तर त्यांना विचारत जा. आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये."

टाइमकीपर घरी आले. ताई स्वयंपाकघरात होत्या, दुलई पुढे होऊन त्यांच्या पायांवर पसरली. टाइमकीपरांनी कागद ओट्यावर ठेवला. ताईंनी चष्मा शोधला, कागद वाचला, आपलं नाव पुन्हा वाचलं. त्या वाचत असेपर्यंत टाइमकीपर दाराच्या चौकटीशी उभे होते, पट्टा हातात घेऊन. घड्याळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई," ते म्हणाले. ताईंनी मान वर केली, तसं त्यांनी विचारलं, "ताई, हिला जरा फिरवून आणू का?"

एवढ्या वर्षांत भावानं त्यांना चहाची वेळ सांगितली होती, जेवणाची वेळ सांगितली होती. विचारलं काहीच नव्हतं. ताईंना त्याला चांगलं तिष्ठत ठेवायचं होतं, तेवढा हक्क त्यांना होताच. पण डोळे भरून आले आणि ते काही जमलं नाही.

"आण," त्या म्हणाल्या.